चादरींचे दोन रकाने

२ फेब्रुवारी

वही कामावरची आहे. चादरींची आवक लिहायची जुनी वही, मागची पानं कोरी राहिली होती. साहेब फेकत होते, मी मागून घेतली. बायको फोनवर म्हणाली होती, तुम्ही अर्धंच बोलता आणि फोन ठेवता, राहिलेलं कुठेतरी लिहीत जा, पोर मोठं झालं की वाचेल.

तर बाळा, अक्षराला हसू नकोस. तुझा बाप चौथीपर्यंत शिकला, त्यातही एक वर्ष मास्तरांनी दया म्हणून वर ढकललं.

सध्या मी दवाखान्यांचे कपडे धुणाऱ्या कारखान्यात आहे. घरापासून दोन दिवसांच्या वाटेवर. याआधी बर्फाच्या कारखान्यात होतो, त्याआधी रंगाच्या. माझं बूड कुठे टिकत नाही. इथला ट्रकवाला ड्रायव्हर मला भिंगरी म्हणतो, आणि आता साहेबसुद्धा तेच म्हणतात.

कारखाना मधोमध भिंतीने कापलाय. अलीकडे मळकी बाजू, पलीकडे स्वच्छ. धुण्याची यंत्रं भिंतीतच बसवलेली, दोन दारांची. इकडून मळकं कोंबायचं, तिकडून धुतलेलं निघतं. मी मळक्या बाजूला. कोपरापर्यंत हातमोजे, गुडघ्यापर्यंत बूट, तोंडाला फडकं. पिशव्या उघडायच्या, झटकायच्या, वेगळं करायचं. चादरीतून काय काय निघतं. चमचे, कात्र्या, एकदा कवळी निघाली. ड्रायव्हर म्हणाला ठेवून घे, म्हातारपणी उपयोगी पडेल.

पहिल्याच दिवशी शिकवलं ते लिहून ठेवतो. रक्ताला आधी गार पाणी. गरम घातलं की डाग शिजतो, मग जन्मात निघत नाही.

तुझी आई चौथ्या महिन्यात आहे. मी तिला काडी म्हणतो. लग्नात बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या तिच्या.

९ फेब्रुवारी

काडी मोठ्या दवाखान्यात जाऊन आली. तिथल्या बाईने कागदावर सगळं छापून दिलं. साध्या बाळंतपणाचं एवढं, पोट फाडलं तर एवढं, खोलीचं वेगळं, बाळाच्या डॉक्टरचं वेगळं. काडीने वाचून दाखवलं तसा मी फोन कानापासून लांब धरला.

सरकारी दवाखानाही आहे, पण दोन बस बदलून अर्धा दिवस. आणि गावात नर्सबाई आहेत. पूर्वी मोठ्या दवाखान्यात होत्या, आता घरातच पुढच्या दोन खोल्यांत बाळंतपणं करतात. मी त्यांच्याच हातून झालो असं आई सांगते.

चहाच्या वेळी ड्रायव्हरला सांगितलं. तो वीस वर्षं दवाखान्यांच्या मागच्या दाराला ट्रक लावतोय, त्याला सगळं माहीत. हातमोजे, कापूस बाहेरून घ्यायचे. दुपारी बारा वाजता खोलीच्या भाड्याचा दिवस बदलतो, म्हणून बारा वाजून गेल्यावर भरती व्हायचं. एकदा फोटो काढला पोटाचा, बास, पुन्हा काढायला सांगतात ते यंत्राचा हप्ता फेडायला. शेवटी म्हणाला, "तू पोर आणतोयस की त्यांना वरचा मजला चढवून देतोयस?"

सगळे हसले. मीही.

२१ फेब्रुवारी

डोक्यात एक गोष्ट आलीय, चार दिवस झोप नाही. बाळा, ही तुझ्यासाठीच आहे.

इथलं एक जुनं यंत्र विकायला काढलंय. मधल्या आकाराचं, एकाच दाराचं. दार जरा गळतं, ते मी दुरुस्त करीन. आमच्या भागात तीन दवाखाने आणि सगळ्यांचे कपडे शहरात जातात. यंत्र घरामागच्या पत्र्याच्या खोलीत बसेल, विहिरीचं पाणी आहेच. मग मला लांब राहायला नको. तू रांगशील तेव्हा मी घरी असेन.

बयाणा द्यावा लागेल. बाळंतपणासाठी बाजूला ठेवलेत तेवढेच आहेत माझ्याकडे.

२२ फेब्रुवारी

काडीला सांगितलं, बाळंतपण नर्सबाईंकडे करू, त्या पैशांचा बयाणा देऊ. ती म्हणाली, "आणि अडलं मधेच काही तर?"

मी म्हटलं, मी उगाच बोलत नाही. मी मोजून सांगतो तुला.

१७ मार्च

मोजलं.

पिशव्यांवर वॉर्डाची खूण असते. बाळंतपणाच्या वॉर्डाची मला पाठ आहे. तीन आठवडे त्या पिशव्या मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिल्या नाहीत. वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने आखले. एक साध्या, एक वाईट. साधी म्हणजे थोडा डाग, पाणी, दूध, काहीही. वाईट म्हणजे अर्धीअधिक रक्ताने भरलेली. चारशेच्या वर चादरी झाल्या. वाईट नऊ.

शंभरात दोन. म्हणजे अठ्ठ्याण्णव बाया तिथे नुसत्या झोपून येतात आणि पैसे देतात. हे डॉक्टर सांगणार नाही. हे चादर सांगते. डॉक्टर आपल्या एका दवाखान्याचं बघतो, माझ्यासमोर पाच दवाखाने रोज पडलेले असतात.

स्वच्छ बाजूला घड्या घालणारी एक मावशी आहे. आमच्यात वयाने सगळ्यांत मोठी. इथे येण्याआधी बाळंतपणाच्या वॉर्डात आया होती. चहाला भिंतीच्या पलीकडून येते, तेव्हा तिला वही दाखवली. तिने चष्मा लावून दोन्ही रकाने बघितले. म्हणाली, "इथे येतं तेवढंच बघतोस ना तू, बाबा."

बरोबर आहे तिचं. डॉक्टरांचे हिरवे कपडे दुसऱ्या कारखान्यात जातात. पण मला चादरींशीच मतलब आहे. तसं तिला सांगितलं. ती पुढे काहीतरी बोलणार होती, पण भोंगा झाला आणि मला बसवत नव्हतंच.

काडीला फोन केला. शंभरात दोन, म्हटलं. तिने मला रकान्यांचं दोनदा समजावून सांगायला लावलं. मग म्हणाली, "तुम्ही खरंच एकेक मोजलीत?" आवाजात कौतुक होतं. आईला हाक मारून सांगितलं तिने. आई आता गावभर सांगणार, आमचा मुलगा दवाखान्यात आहे.

५ एप्रिल

बयाणा दिला. साहेबांनी पावती दिली, वर यंत्राचा नंबर घातलाय. पावती वहीत चिकटवलीय, बाळा, बघ.

मोठ्या दवाखान्यातून काडीला पुन्हा फोटोला बोलावलं होतं. नको म्हटलं. आता नर्सबाईंकडे जाते दर पंधरा दिवसांनी. त्या टेपने पोट मोजतात, ठोके ऐकतात, साखर घातलेला चहा देतात. रक्ताचा दाब बघायचं यंत्र दुरुस्तीला गेलंय म्हणाल्या, आलं की बघू. मोठ्या दवाखान्यात दाब बघायला नंबर लावून दोन तास बसवतात.

४ मे

फोनवर खूप हसलो आज. काडीचे पाय एवढे सुजलेत की चपलेचा अंगठा शिरत नाही. आईच्या चपला घालून फिरते. बोटातली अंगठी निघेना, साबण लावून काढली. मी म्हटलं, काडीची मोळी झाली. ती म्हणाली, आरशात बघितलं तर दुसरीच बाई. चेहरासुद्धा भरलाय.

आई म्हणाली, पाणी भरलंय, चांगलं असतं, बाळ मोठं आहे.

मी कामावर सगळ्यांना सांगितलं माझी बायको जाड झाली. ड्रायव्हरने चहा पाजला. मावशी आज रजेवर होती.

१३ मे

दोन पाळ्या सलग करतोय. यंत्राची उरलेली रक्कम बाळ यायच्या आत फेडायचीय. हातांची कातडी हातमोज्यातच सोलवटतेय.

आज एक बारका पायमोजा निघाला पिशवीतून. अंगठ्याएवढा. जमा करायचा नियम आहे. खिशात ठेवला. धुवून ठेवीन, एकच आहे पण असू दे.

१९ मे

काडीचं डोकं दुखतं. चार दिवस झाले. गोळी घेऊनही थांबत नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली, भर दुपारी. मी म्हटलं फोन कमी बघ. ती म्हणाली, फोन तर तुमच्याशी बोलायलाच उचलते.

मग म्हणाली, "अहो, एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवून येऊ का? एकदाच. परवा नर्सबाई पण..."

यंत्राची घंटा वाजत होती, मला भरायचं होतं. मी जरा जोरात बोललो. म्हटलं, एकदा तिथे पाय ठेवलास की ते सोडत नाहीत, लगेच भरती करतात, सलाइन लावतात, मीटर सुरू. मी रोज शंभर चादरी बघतो, तू एकही बघितली नाहीस. शंभरात दोन, सांगितलं ना तुला.

ती म्हणाली, "बरं."

लगेच ऐकलं तिने. हट्टी नाही ती, हे एक बरं आहे. नर्सबाईंचं काय सांगत होती ते राहिलंच. उद्या विचारीन.

२० मे

विचारायचं राहिलं. दोन पाळ्या.

२२ मे

चहाला मावशी समोरच बसली होती. तिला डोकेदुखीचं विचारावं असं सारखं मनात आलं. तोंडापर्यंत आलं. विचारलं नाही.

खरं लिहितो, वही आहे. विचारलं तर ती काय म्हणेल ते मला माहीत होतं. ती म्हणाली असती, "दवाखान्यात ने." आणि मग न्यावं लागलं असतं.

तिनेच विचारलं, घरी सगळं ठीक ना. मी म्हटलं हो, मजेत.

२३ मे

आईला फोन केला. काडी झोपली होती. आई म्हणाली आज डोकं जरा कमी आहे. जीव भांड्यात पडला. उगाच माणूस स्वतःला घाबरवून घेतो.

आज त्या वॉर्डाच्या बावीस चादरी. सगळ्या साध्या.

२६ मे

आईचा फोन आला सकाळी दहाला, मी पिशवी उघडत होतो. साहेबांनी हातातली पिशवी काढून घेतली म्हणून मला कळलं की मी ती धरूनच उभा आहे.

काडी ओट्याशी उभी होती, एकदम पडली. दातखीळ बसली, हातपाय वाकडे झाले, तोंडाला फेस. थांबलं आणि पुन्हा झालं. शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून नर्सबाईंच्या दारात नेलं. नर्सबाईंनी खाली उतरवूसुद्धा दिलं नाही. सरळ मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाल्या, आणि स्वतः टेम्पोत चढल्या, चप्पल न घालता.

आई एवढंच सांगू शकली. मग टेम्पोचा आवाज आणि आईचं रडणं.

ड्रायव्हरने ट्रक मोकळा करून मला गाडीपर्यंत सोडलं. उतरताना खिशात होतं नव्हतं ते माझ्या हातात कोंबलं. त्याआधी निघताना मावशी फाटकापर्यंत आली होती. तिने विचारलं, सूज होती का? मी म्हटलं, हो. केव्हापासून? मी ट्रकमध्ये चढलो. तिने हात कपाळाला लावला आणि मागे फिरली.

२८ मे

पोचलो आज.

मुलगी होती. आधीच गेलेली होती पोटात. आई म्हणते केस खूप होते. मी यायच्या आत शेजाऱ्याने आणि आईने सगळं उरकलं होतं. मला कुणी काही दाखवलं नाही. दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

काडीचं आतून रक्त सुटलं होतं. पोट फाडावं लागलं. बाटल्या चढवल्या, किती ते विचारलं नाही. काचेच्या खोलीत आहे, तोंडात नळी. चेहरा ओळखू येत नाही. मोळी म्हटलं होतं मी.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत. दाब वाढला होता बरेच दिवस, म्हणाल्या. आठ दिवस आधी आली असती तर गोळ्या देऊन, लक्ष ठेवून निभावलं असतं. सूज, डोकं, डोळ्यांपुढे काजवे, यातलं काहीच झालं नव्हतं का, असं विचारलं.

मी म्हटलं, झालं होतं.

कुणाला सांगितलं होतं तिने?

मी खाली बघितलं. पायात कामावरचे बूट होते अजून.

२९ मे

साहेबांना फोन केला. बयाणा परत मिळत नाही म्हणाले, पावतीवरच लिहिलंय. मग म्हणाले, बघतो.

काडी तशीच आहे.

वही पिशवीत होती, सवयीने काढली. बाळा असं लिहायला गेलो आणि थांबलो.

३० मे

आज नळी काढली. स्वतःचा श्वास घेते. डोळे उघडले पण कुठे बघते कळत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाचली. तुम्हाला कल्पना नाही किती थोडक्यात, म्हणाल्या.

आत दहा मिनिटंच सोडतात. बाकीचा वेळ मला बसवेना. फिरत फिरत मागच्या दाराशी गेलो. तेवढी एकच जागा मला कुठल्याही दवाखान्यात कळते. पिशव्या रचलेल्या, वजनकाटा, ट्रकची वाट बघणारा माणूस. आमच्यासारखेच हातमोजे.

का गेलो ते नीट सांगता येत नाही. तिची चादर बघायची होती. दुसऱ्या कुणी हात लावण्याआधी मिळाली तर मीच गार पाण्यात घालीन, असं काहीतरी डोक्यात होतं. तिचं रक्त दुसऱ्या कुणा भिंगरीने झटकू नये.

त्या माणसाला म्हटलं, मी याच कामातला आहे. चार दिवसांमागची, बाळंतपणाच्या वॉर्डाची पिशवी गेली का? माझ्या बायकोची चादर आहे तीत.

त्याने मला खालून वर बघितलं. मग विचारलं, "ती काचेच्या खोलीतली?"

हो म्हटलं.

"ती नाही मिळायची. तसली धुवायला नाही देत. पार भिजलेली असली की लाल पिशवीत, आणि लाल पिशवी भट्टीत." हाताने त्याने मागची चिमणी दाखवली. बारीक धूर निघत होता.

मी म्हटलं, आमच्याकडे येतात. मी मोजल्यात.

तो म्हणाला, "तुमच्याकडे धुण्यासारखं येतं, भाऊ. कुठेही विचार. जी खरी वाईट असते ती दवाखान्याबाहेर जातच नाही." मग बिडी पुढे केली. मी घेतली नाही. तो म्हणाला बस जरा, तोंड पांढरं पडलंय तुझं.

मावशी आया होती. तिने किती लाल पिशव्या बांधल्या असतील. तिने मला सांगितलंही होतं, आणि मी तिला हिरव्या कपड्यांचं उत्तर देऊन उठलो होतो.

वहीची शेवटची पानं बघितली. चारशेच्या वर रेघा आहेत. चार उभ्या, पाचवी आडवी मारलेली, नीट, खाडाखोड नाही. एवढं नेटकं मी जन्मात दुसरं काही लिहिलेलं नाही.

२ जून

काडीला साध्या वॉर्डात आणलं. खिडकीजवळची खाट. डावा डोळा अंधुक आहे, येईल हळूहळू म्हणतात. आई डबा आणायला घरी गेली होती.

दुपारी आया चादर बदलायला आली. घाईत होती. मी म्हटलं मी करतो. काडीला उठवायचं नव्हतं, टाके ओले आहेत. तिला एका कुशीवर वळवलं, जुनी अर्धी गुंडाळून पाठीशी सरकवली, नवी अर्धी पसरली, मग दुसऱ्या कुशीवर. कोपरे मारले. मावशी चहाच्या वेळी नव्या पोरींना आया असतानाचं असंच करून दाखवायची, ते मी बघितलेलं. काडी काही न बोलता जशी वळवीन तशी वळली. हलकी झालीय पुन्हा. बांगड्या आईकडे आहेत, असत्या तर कोपरापर्यंत चढल्या असत्या.

जुनी चादर हातात घेऊन उभा राहिलो. कडेला दुधाचा डाग होता. तिला दूध येतंय, ते थांबायला गोळ्या चालू आहेत.

तिने उजव्या डोळ्याने चादरीकडे बघितलं. तीन दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

"ही कुठल्या रकान्यात?"

मी म्हटलं, साधी.

"आणि त्या दिवशीची?"

खोटं सुचत होतं. खूप सुचत होतं, उभ्या उभ्या. पण ती माझ्याकडे बघत होती, म्हणून सांगितलं. भट्टीचं, लाल पिशवीचं, सगळं. तसल्या चादरी आमच्यापर्यंत येतच नाहीत. मी त्या कधी बघितल्याच नव्हत्या. तिची कुठल्याच रकान्यात नाही.

ती ओरडेल असं वाटलं. रडेल असं वाटलं. मला निघून जा म्हणाली असती तर मी गेलो असतो, ते मला जमतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं बाळ रडायला लागलं तशी तिने मान भिंतीकडे वळवली.

मग म्हणाली, अगदी हळू, जशी दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशी, "नर्सबाई दोनदा म्हणाल्या होत्या, मोठ्या दवाखान्यात जा. दुसऱ्यांदा तर भांडल्या माझ्याशी. मीच नाही गेले. त्यांना सांगितलं, आमच्या ह्यांनी मोजलंय."